ताणाच्या अक्षय्यतेचा नियम

ब्रिटनमधील पाककलेच्या वाङ्मयात ‘तणावमुक्त नाताळभोजन’ ही आता एक स्वतंत्र शाखा मानावी लागेल. नोव्हेंबर लागला की तेथील मासिके, वृत्तपत्रांच्या पुरवण्या आणि दूरचित्रवाणीवरील पाककृतींचे कार्यक्रम या शाखेत भर घालू लागतात, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे वाङ्मय इतके साचते की ते नुसते वाचून काढायचे म्हटले तरी माणसाला धाप लागावी. या वाङ्मयाचा वाचक ठरलेला असतो. डिसेंबर अद्याप दूर असताना, ऑक्टोबरमधील एखाद्या गाफील क्षणी, ज्याने आईवडील, सासूसासरे आणि मेहुणे-मेहुण्या या सर्वांना ‘यंदा आमच्याकडेच या’ असे सांगून टाकलेले असते, आणि ज्याने आजवर नाताळचे जेवण केवळ जेवलेले असते, केलेले नसते, असा तो नवशिका यजमान होय. त्याला तणावमुक्तीची जी आश्वासने दिली जातात त्यांचा खरेखोटेपणा तपासणे, आणि जो ताण नाहीसा होतो असे म्हणतात तो प्रत्यक्षात कोठे जातो याचा माग काढणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नाताळभोजन म्हणजे २५ डिसेंबरच्या दुपारी घरातल्या सर्वांनी एका टेबलाभोवती बसून करायचे जेवण, ही व्याख्या बरोबर असली तरी तिच्यात खरी मेख सांगितलेली नाही. या जेवणाच्या केंद्रस्थानी टर्की असते. टर्की हा कोंबडीच्याच कुळातला, पण तिच्या तिप्पट-चौपट वजनाचा पक्षी असून तो अख्खा भाजतात. तिच्या सोबतीला चरबीत भाजलेले बटाटे, पार्सनिप नावाची गाजराच्या कुळातली पांढरी गोडसर मुळे, गाजरे, ब्रसेल्स स्प्राउट्स म्हणजे लिंबाहून लहान असे कोबीचे गड्डे, पावाचा चुरा, कांदा आणि सेज नावाचा सुवासिक पाला यांचे सारण, बेकनच्या पट्टीत गुंडाळलेली छोटी सॉसेजेस, दुधात पाव शिजवून केलेला ब्रेड सॉस, क्रॅनबेरी या आंबट लाल फळांचा सॉस, आणि या सर्वांवर ओतायची ग्रेव्ही, म्हणजे भाजताना सुटलेल्या रसाचा दाटसर रस्सा, एवढा लवाजमा असतो. शेवटी पुडिंग येते. यांपैकी कोणताही पदार्थ एकेकटा घेतला तर अवघड नाही, आणि बरेचसे तर शाळकरी मुलालाही जमण्यासारखे आहेत. अडचण एवढीच की ते सगळे एकाच वेळी, एकाच ताटलीत आणि सगळेच्या सगळे गरम असे समोर यावे लागतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना तरी तोच एक ओव्हन हवा असतो.

या अडचणीचे स्वरूप मराठी वाचकाला पंगतीच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. पंगतीत मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर आधी वाढली जातात व ती थंडच असतात, मग वरणभात येतो, भाजीचा दुसरा फेरा होतो, पोळ्या तव्यावरून जशा उतरतील तशा पानात पडत राहतात, आणि आमटीला उकळी यायला उशीर झालाच तर चतुर वाढपी तेवढा वेळ ‘सावकाश होऊ द्या’ असे म्हणत कोशिंबीर पुन्हा फिरवून काढून नेतो. म्हणजे उशीर होणारच हे गृहीत धरून पंगतीची रचना झालेली आहे. इंग्रजी ताटलीत अशी पळवाट नाही, कारण तेथे बटाटे आधी व टर्की अर्ध्या तासाने असा क्रम लावला तर तो क्रम न ठरता फजिती ठरते.

त्यातच ब्रिटनमधील सर्वसाधारण घरातला ओव्हन जेमतेम ६० सेंटिमीटर रुंदीचा असतो, आणि पाच किलोंची टर्की आत विराजमान झाली की उरलेल्या पदार्थांना बाहेर ताटकळत उभे राहावे लागते. मोठाल्या कामांच्या नियोजनासाठी १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ नावाची पद्धत विकसित झाली. कोणती कामे एकमेकांवर अवलंबून आहेत आणि त्यांतल्या कोणत्या साखळीतील एका कडीला उशीर झाला की अख्खे काम लांबते, हे त्या पद्धतीने शोधता येते. ही पद्धत कारखान्यांसाठी निघाली हे खरे, परंतु कारखान्यात निदान यंत्राच्या दारापाशी उभे राहून ‘अजून किती वेळ आहे?’ असे दर दहा मिनिटांनी विचारणारे सासरे नसतात.

नाताळभोजनातील ही निर्णायक साखळी टर्कीपासून सुरू होते, आणि ती नवशिक्याला वाटते त्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. टर्की मूळची अमेरिका खंडातली असून सोळाव्या शतकात ती इंग्लंडात पोहोचली. अठराव्या शतकात नॉर्फोक आणि सफोक या परगण्यांतून टर्कींचे कळपच्या कळप पायी लंडनकडे हाकीत नेत असत, आणि पिके निघाल्यावर ऑगस्टपासूनच ही पदयात्रा सुरू होई, याचे वर्णन डॅनियल डीफो या लेखकाने १७२० च्या दशकात करून ठेवले आहे. वाटेत पाय झिजू नयेत म्हणून त्या पक्ष्यांच्या पायांना डांबर फासत किंवा चामड्याचे जोडे चढवीत, असेही सांगतात. आजची टर्की चालत येत नाही. ती गोठलेल्या अवस्थेत मोटारीतून येते, परंतु वेळेच्या बाबतीत ती पूर्वीइतकीच सावकाश आहे. तिला फ्रिजमध्ये ठेवून वितळवायचे तर किलोमागे दहा ते बारा तास धरावेत असे अन्नसुरक्षेचे सरकारी मार्गदर्शन सांगते, म्हणजे पाच किलोंच्या टर्कीला पन्नास ते साठ तास लागतात, आणि २५ तारखेच्या सकाळी भाजायची टर्की २२ तारखेच्या रात्रीच फ्रिजमध्ये जायला हवी. नेमक्या त्याच तीन दिवसांत त्या फ्रिजमध्ये दूध, साय, चीज, सॉसेजेस आणि सासूबाईंनी सोबत आणलेला ट्रायफल, म्हणजे केक, फळे, कस्टर्ड आणि साय यांचे थर दिलेला काचेचा घमेलेवजा वाडगा, यांनाही जागा हवी असते. म्हणून नाताळभोजनातील पहिला संघर्ष कौटुंबिक नसून फ्रिजमधील मधल्या फळीवरून होतो.

भाजण्याचे गणितही तितकेच निष्ठुर आहे. चार किलोंहून मोठ्या टर्कीला किलोमागे वीस मिनिटे आणि वर नव्वद मिनिटे, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. त्यानुसार पाच किलोंना तीन तास दहा मिनिटे लागतात. भाजून झाल्यावर ती तासभर तशीच बाहेर ठेवायची असते, आणि दोन वाजता जेवायला बसायचे म्हटले तर ती सकाळी दहाला दहा मिनिटे कमी असतानाच ओव्हनमध्ये सरकलेली असावी लागते. त्या सकाळी लहान मुले पाच वाजल्यापासून भेटवस्तूंचे कागद फाडत असल्याने घरातील कोणाचीही झोप झालेली नसते, आणि भागाकार-गुणाकार बिनचूक करण्यास ही अवस्था अनुकूल नाही.

गणित सुटले तरी पक्ष्याच्या शरीररचनेचा प्रश्न उरतोच. टर्कीच्या छातीचे मांस पांढरे व कमी चरबीचे असल्याने ते लवकर शिजते आणि थोडे अधिक भाजले गेले तर भुसभुशीत कोरडे होते. उलट तिच्या तंगड्यांचे मांस गडद असून त्यातील चिवट तंतू मऊ व्हायला अधिक उष्णता व अधिक वेळ लागतो. थोडक्यात, एकाच कातडीत दोन परस्परविरोधी पक्ष नांदत असतात आणि दोघांना एकाच तापमानात सुखी ठेवण्याची जबाबदारी यजमानावर येते. त्यात एक गुप्त कलमही असते. टर्कीच्या पोकळीत बहुधा तिचे काळीज, हृदय, पेटा आणि मान अशा अवयवांची एक छोटी पिशवी कोंबलेली असते, जी ग्रेव्हीसाठी आधीच बाहेर काढायची असते. अनुभवी माणूस हात घालून ती काढतो. नवशिका मात्र पक्ष्याला लोणी चोळण्यात, त्याच्या तंगड्या सुतळीने बांधण्यात आणि चारही बाजूंनी छायाचित्रे काढण्यात इतका गुंग असतो की ती पिशवी टर्कीबरोबरच भाजून निघते आणि सुरी चालवताना सर्वांच्या देखत बाहेर येते. अशा वेळी टेबलावर जी शांतता पसरते ती प्रार्थनेच्या वेळच्या शांततेहून गाढ असते.

यात भर पडते ती तापमानाच्या त्रिभाषासूत्राची. ब्रिटनमधील जुनी पुस्तके फॅरनहाइटमध्ये बोलतात, नवी सेल्सियसमध्ये, आणि गॅसच्या ओव्हनसाठी १९२० च्या दशकात रूढ झालेली ‘गॅस मार्क’ नावाची तिसरीच मोजणी अजूनही टिकून आहे. ३५० अंश फॅरनहाइट, १८० अंश सेल्सियस आणि गॅस मार्क चार हे सामान्यतः एकच होय. परंतु ओव्हनमध्ये गरम हवा खेळवणारा पंखा असेल तर या १८० चे सुमारे १६० करावे लागतात. आजीची कृती, मासिकातली कृती आणि ओव्हनवरची बटणे यांचा समन्वय साधताना नवशिका यजमान ज्या मनःस्थितीतून जातो, तिचा उल्लेख ‘तणावमुक्त’ शीर्षकाखालील लेखांत सहसा आढळत नाही.

नाताळ खरोखर तणावमुक्त करण्याचा सरकारी प्रयत्न इंग्लंडच्या इतिहासात एकदाच झाला, असे म्हणता येईल. सण-उत्सवांना बायबलात आधार नाही असे मानणाऱ्या प्युरिटन पंथीयांचा वरचष्मा असलेल्या संसदेने १६४७ च्या जूनमध्ये नाताळ हा सणच रद्द केला. सण नाही, तर जेवण नाही, आणि जेवण नाही, तर ताण नाही, इतका हा तर्क सरळ होता. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला कँटरबरी शहरात दुकाने उघडी ठेवण्याच्या हुकमावरून दंगल उसळली, जी इतिहासात ‘प्लम पुडिंग दंगल’ या नावाने ओळखली जाते. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि तिच्यामागोमाग पुडिंगही राजरोसपणे परतले. लोकांना जेवणाचा ताण नको असतो, पण तो काढून घेतलेलाही चालत नाही, हा धडा राज्यकर्त्यांना तेव्हाच मिळाला.

ताणाचे पुढे काय होते हे चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३ मधील ‘अ ख्रिसमस कॅरल’ या पुस्तकात अधिक स्पष्ट दिसते. त्यातील गरीब क्रॅचिट कुटुंबाकडे टर्की नसून हंस आहे, आणि घरात तो भाजण्याइतकी भट्टी नसल्याने तो बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजून आणतात, जी त्या काळच्या गरिबांची नेहमीची रीत होती. हंसाची चिंता अशी बेकरीवाल्याकडे सोपवली गेल्याने क्रॅचिटबाई निर्धास्त व्हायला हव्या होत्या. परंतु तसे होत नाही. त्या पुडिंगची चिंता सुरू करतात: ते कच्चे राहिले तर, उलटे करताना फुटले तर, आणि आपण हंस खात असताना कोणी परसाची भिंत चढून ते पळवून नेले तर! हंसावरून मोकळा झालेला ताण पुडिंगवर जाऊन बसला, एवढाच काय तो फरक. यावरून एक नियम मांडता येतो, ज्याला ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या धर्तीवर ताणाच्या अक्षय्यतेचा नियम म्हणता येईल: नाताळभोजनातील एकूण ताण कायम राहतो, तो फक्त एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे, एका दिवसाकडून दुसऱ्याकडे किंवा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो.

या नियमाच्या प्रकाशात तणावमुक्तीचे सर्व प्रचलित उपाय तपासून पाहता येतात. ‘सगळे आधीच करून ठेवा’ हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय उपाय असून पुडिंग हे त्याचे आद्य उदाहरण आहे. हे पुडिंग म्हणजे मनुका, बेदाणे, पावाचा चुरा, मसाले, मद्य आणि गुराच्या मूत्रपिंडाभोवतालची कडक चरबी यांचा काळपट गोळा होय, जो तासन्‌तास वाफवून कित्येक आठवडे मुरवतात आणि ऐन वेळी त्यावर ब्रँडी ओतून पेटवतात. तो अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांच्या पर्वाच्या, आदल्या रविवारी कालवायचा असतो, आणि घरातील प्रत्येकाने पळी फिरवून मनात एक इच्छा धरायची असते. म्हणजे डिसेंबरचा ताण नोव्हेंबरवर गेला. १९२७ मध्ये तर त्यात साम्राज्याचाही ताण मिसळला गेला, कारण वसाहतींमधील माल खपवण्यासाठी स्थापन झालेल्या एम्पायर मार्केटिंग बोर्डाने राजाच्या आचाऱ्याची म्हणून एक ‘साम्राज्य पुडिंगा’ची कृती प्रसृत केली, जिच्यात प्रत्येक जिन्नस साम्राज्याच्या कोणत्या कोपऱ्यातून यावा हेही नेमून दिलेले होते. बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, लवंग झांझिबारची, रम जमैकाची अशा या सर्वसमावेशक गोळ्यात हिंदुस्थानच्या वाट्याला चिमूटभर पुडिंगचा मसाला आला होता. एवढ्या मोठ्या देशाला एवढीशी चिमूट का, हा प्रश्न गोलमेज परिषदेत कोणी उपस्थित केल्याचे दिसत नाही.

दुसरा उपाय वेळापत्रकाचा. ब्रिटनमधील अत्यंत विश्वासार्ह मानल्या गेलेल्या पाककृती-लेखिका डिलिया स्मिथ यांच्या १९९० मधील नाताळविषयक पुस्तकात अखेरच्या छत्तीस तासांचे वेळापत्रकच दिलेले आहे, आणि कित्येक घरांत त्या पानांवर आजही लोण्याचे डाग सापडतात. वेळापत्रक ही वस्तू उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु वेळापत्रक नसलेल्या माणसाला आपण किती मागे पडलो आहोत हे निदान ठाऊक तरी नसते. वेळापत्रक फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावले की बारा वाजून पाच मिनिटांनी ‘११:४० – पार्सनिप आत’ ही ओळ वाचून जो गोळा पोटात उठतो, तो त्या वेळापत्रकाचीच निर्मिती असतो.

तिसरा उपाय मदत घेण्याचा, आणि येथे ताण माणसामाणसांत कसा फिरतो हे जवळून पाहण्यासारखे आहे. दुपारी एकच्या सुमारास स्वयंपाकघराच्या दारात एक पाहुणा शेरीचा पेला हातात धरून उभा राहतो आणि ‘काही मदत करू का?’ असे विचारतो. यजमान ‘नको, नको, तुम्ही बसा’ असे म्हणतो, कारण मदत सोपवायची तर आधी काम समजावून सांगावे लागते आणि तेवढ्यात ते स्वतःच उरकता येते. पाहुणा मात्र बसत नाही. तो ओव्हनच्या बरोबर समोर उभा राहून गप्पा मारू लागतो, आणि दर वेळी ओव्हन उघडायचा झाला की त्याला आधी बाजूला सरकवावे लागते. अखेर कोणीतरी त्याच्या हातात स्प्राउट्सचा ढीग देते. स्प्राउट सोलण्याची पद्धत अशी की बुंध्याचा सुकलेला काप काढायचा, वरची दोन-तीन मलूल पाने उतरवायची, आणि बुंध्यावर सुरीने फुलीचा छेद द्यायचा म्हणजे आतपर्यंत शिजते. छेद देणे अनावश्यक आहे, उलट त्याने पाणी आत शिरून गड्डे पचपचीत होतात, असे अलीकडचे आचारी सांगतात. तरीही सासूबाईंनी चाळीस वर्षे छेद दिलेला असल्याने छेद द्यावा की देऊ नये यावर जी चर्चा होते, तिच्यात स्प्राउट्सचे पाणी उकळून निम्मे होते. मग ते जास्त शिजतात, त्यांतली गंधकयुक्त द्रव्ये सुटून घरभर उग्र दर्प पसरतो, आणि तो पाहुणा ‘मी मदत केली’ असे समाधान घेऊन टेबलावर जाऊन बसतो.

बटाट्यांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांच्या बाबतीत हौस आणि हव्यास दोन्ही असतात. पिठूळ जातीचे, शक्यतो मॅरिस पायपर या वाणाचे बटाटे सोलून, मोठाल्या फोडी करून अर्धवट उकडायचे, निथळून घ्यायचे, आणि मग झाकण घट्ट धरून ते पातेले खळखळून हलवायचे, म्हणजे फोडींच्या कडा खरबरीत होऊन त्यांवर पिठाचा लेप चढल्यासारखा दिसतो. ओव्हनमध्ये आधीपासून धूर निघण्याच्या बेतात तापवलेल्या हंसाच्या चरबीत त्या फोडी टाकल्या की चर्र असा आवाज होतो, आणि त्या खरबरीत कडाच पुढे तांबूस कुरकुरीत होतात. हे सर्व शास्त्रशुद्ध असले तरी त्याला २०० अंशांचा ओव्हन लागतो, आणि ओव्हनमध्ये १८० अंशांत टर्की बसलेली असते. येथे बहुतेक नवशिके यजमान १९० वर तडजोड करतात. परिणामी टर्कीही नाराज आणि बटाटेही नाराज, असा लोकशाहीला साजेसा निकाल लागतो.

ऐन वेळी काही विसरल्याचे लक्षात आले तर बाहेर पडण्याची सोयही फारशी नसते. ‘ख्रिसमस डे ट्रेडिंग’ या २००४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये २८० चौरस मीटरहून मोठी दुकाने त्या दिवशी उघडण्यास मनाई आहे, आणि लंडनमध्ये तर त्या दिवशी भुयारी रेल्वे व लाल बसगाड्याही बंद असतात. त्यामुळे ज्यांच्याकडे मोटार नाही ते पाहुणे आदल्या दिवशीच मुक्कामाला येतात व दुसऱ्या दिवसापर्यंत हलत नाहीत. अशा वेळी गल्लीच्या कोपऱ्यावरचे छोटे दुकान उघडे सापडते, जे कायद्याच्या मर्यादेत मावते आणि पुष्कळदा एखादे गुजराती कुटुंब चालवीत असते. ज्या धर्माचा तो सण आहे त्या धर्माच्या शेकडो यजमानांची अॅल्युमिनियम फॉइल आणि ग्रेव्हीची पूड यांची निकड अशा दुकानांतून भागली आहे, आणि या सेवेची दखल धर्मग्रंथांनी घेतली नसली तरी यजमानांनी घेतली आहे.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हे जेवण आता शिरले आहे, आणि ते सहसा मुलांच्या शाळेमार्फत शिरते. तेथे अडचणीचे स्वरूप थोडे वेगळे असते. पहिली अडचण ही की ओव्हन रिकामा नसतो, कारण वर्षभर त्यात कढया, तवे, पोळपाट आणि इडलीचे स्टँड नांदत असतात, आणि भाजण्यापूर्वी त्यांचे पुनर्वसन करावे लागते. दुसरी अडचण चवीची. मीठ, मिरी आणि लोणी एवढ्यावर पाच किलोंचे मांस सोडून देणे हे घरातील आजींना पटत नाही, आणि त्यांनी आदल्या रात्री गुपचूप चोळलेले आले-लसूण व गोडा मसाला सकाळी वासावरून उघडकीला येतो. मुले ‘शाळेत असे नव्हते’ अशी तक्रार करतात, आणि मग त्याच टर्कीचा दुसरा तुकडा मागून घेतात.

या सगळ्यांतून जो उपाय शास्त्राच्या कसोटीवर खरा उतरतो, तो मासिकांत सहसा एका ओळीत उरकलेला असतो. भाजलेली टर्की ओव्हनमधून काढून फॉइलने सैलसर झाकून तासभर तशीच ठेवावी, या सूचनेचे कारण असे सांगतात की त्या काळात मांसातील रस स्थिरावतो व कापताना वाहून जात नाही. एवढा मोठा पक्षी तासाभरात थंड पडत नाही, उलट बाहेर काढल्यावरही काही काळ त्याच्या आतले तापमान चढतच राहते. परंतु या विश्रांतीचा खरा लाभ टर्कीला नसून यजमानाला आहे, कारण तेवढा तासभर ओव्हन मोकळा सापडतो, त्याचे तापमान २०० वर नेता येते आणि बटाटे, पार्सनिप, सारण व सॉसेजेस यांची सोय बिनतक्रार लागते. ज्याला ही एक गोष्ट कळली त्याचे निम्मे वेळापत्रक आपोआप सुटते. दुसरा खरा उपाय म्हणजे पदार्थ कमी करणे; ब्रेड सॉस केला नाही म्हणून आजवर कोणी टेबलावरून उठून गेलेले नाही. तो उपाय मात्र सहसा अमलात येत नाही, कारण ‘आमच्याकडे दर वर्षी असतो’ असे म्हणणारा एक पाहुणा प्रत्येक घरात असतो आणि तो स्वतः ब्रेड सॉस खात नाही.

जेवण दुपारी तीनच्या आत उरकावे की तीननंतर सुरू करावे याबाबत दोन पंथ आहेत. १९३२ मध्ये पंचम जॉर्ज यांनी आकाशवाणीवरून नाताळचा पहिला संदेश दिला तेव्हा साम्राज्यातील जास्तीत जास्त देशांना ऐकू यावा म्हणून दुपारी तीनची वेळ निवडली गेली, आणि १९५७ पासून तो दूरचित्रवाणीवर दिसू लागला तरी वेळ तीच राहिली. साम्राज्य गेले, परंतु त्याच्या सोयीने ठरलेली वेळ ब्रिटिश यजमानाच्या मानगुटीवर अजून बसलेली आहे. टेबलाशी प्रत्येकाच्या ताटलीजवळ एक क्रॅकर ठेवलेला असतो. लंडनचे मिठाईवाले टॉम स्मिथ यांनी १८४० च्या दशकात काढलेली ही कागदाची नळी दोघांनी दोन टोकांनी ओढली की फटाका वाजून आतून कागदी मुकुट आणि एक भिकार विनोद बाहेर पडतो. मुकुट सर्वांनी घालायचा असतो. त्यामुळे राजाचे भाषण चालू असताना खोलीत आठ-दहा मुकुटधारी माणसे बसलेली असतात, आणि त्यांपैकी ज्याचा मुकुट घामाने ओला होऊन कपाळाला चिकटला आहे तो यजमान, हे परक्यालाही ओळखता येते.

सायंकाळी हिशेब केला तर टर्की निम्मी उरलेली असते, आणि तिच्या बाबतीत ब्रिटिश परंपरा २६ डिसेंबरला, म्हणजे बॉक्सिंग डे या सुटीच्या दिवशी, भारताकडे वळते. करी तेथे नवी नाही. हॅना ग्लास या लेखिकेने १७४७ मध्ये छापलेल्या पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीच्या करीची कृती दिली होती, आणि उरलेल्या टर्कीची करी ही आता इतकी रुळलेली गोष्ट आहे की हेलन फील्डिंग यांच्या १९९६ मधील ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ या कादंबरीत नववर्षाच्या दिवशीच टर्कीच्या करीची मेजवानी आहे. या करीला एक पातेले आणि एक शेगडी पुरते. तिला वेळापत्रक नसते, तीनची मर्यादा नसते, ती आचेवर तासभर अधिक राहिली तरी बिघडत नाही, आणि ती कशी लागावी याविषयी कोणाच्या सासूबाईंचे चाळीस वर्षांचे मत नसते. ज्या तणावमुक्त भोजनाचे आश्वासन दिले जाते ते अशा रीतीने अस्तित्वात आहे, फक्त ते एक दिवस उशिरा येते. पहिल्यांदाच यजमान झालेल्यांनी या करीची कृती पुस्तकात शोधली तर एक उणीव त्यांच्या लक्षात येईल: मांस दोन दिवसांत संपवावे एवढे सगळीकडे लिहिलेले असते, परंतु टर्की नेमकी किती घ्यावी याचे प्रमाण दिलेले नसते, कारण ते आदल्या दिवशी पाहुण्यांनी किती सौजन्याने ‘पोट भरले’ म्हटले यावर अवलंबून असते.